ओकेचा बोर्ड

दुसऱ्या दिवशी प्रज्योतचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून धनेशला सकाळी दोन कामं होती. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून पार्सल उचलायचं आणि येताना केळीची पानं आणायची. पार्सलचं नाव निघताच तो स्वतःहून उठला. कल्पिताला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याचं केवढं कौतुक वाटलं! वर्षभरात या माणसाने मेलेल्या मेव्हण्याच्या एका वस्तूला हात लावला नव्हता.

"उघडू नका हां," ती दारातून म्हणाली. "माज्या भावाचं हाय. मीच उघडीन."

"न्हाय उघडत," धनेश म्हणाला.

आणि हा एक शब्द त्याने पाळला, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याची गरज पडणार आहे.

धनेश उरणचा. आजोबा-पणजोबा मिठागरात राबले, बाप ट्रकवर गेला, आणि याचे तीन ट्रेलर बंदरावर पळत होते. पण जीव अडकला होता रॅलीत. वर्षातून एकदा जीप सजवायची आणि पार उत्तरेला, हिमाचलच्या पलीकडच्या त्या उजाड मुलखात जायचं, जिथे दोन-दोन दिवस गाव दिसत नाही. सोबत प्रज्योत, कल्पिताचा धाकटा भाऊ. डावीकडच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसायचा आणि प्रत्येक वळण आधी वाचून दाखवायचा. "डावं चार, पुढं दगड. उजवं दोन, बर्फ हाय, भावजी, सांबाळा." त्याचा उजवा अंगठा अर्धाच होता. पोरपणी ट्रेलरच्या साखळीत सापडला होता. त्याने अंगठा वर केला की सगळे म्हणायचे, आला बघा अर्धा ओके. तोही दात काढून हसायचा. फार गुणी पोर होतं हो.

गेल्या वैशाखात काय झालं ते धनेशने सगळ्यांना त्याच त्या शब्दांत सांगितलं होतं. वळणावर गाडी घसरली आणि खाली दगडाला अडकली. दोघंही धड होते. मागच्या गाड्यांना त्याने ओकेचा बोर्ड दाखवला. मग गाडी पुन्हा घसरली, आणि त्यात प्रज्योत जागच्या जागी गेला. "काय कळलं पन न्हाय त्याला," असं त्याने सासऱ्याच्या, दयारामच्या, पायाला हात लावून सांगितलं. कल्पिता वर्षभर त्या एका वाक्यावर जगत होती. निदान तडफडला तरी नाही माझा भाऊ.

खोटं होतं ते. गाडी एकदाच घसरली होती.

रॅलीत प्रत्येक गाडीत एक बोर्ड असतो, वहीच्या दुप्पट आकाराचा. एका बाजूला हिरव्या अक्षरांत ओके, दुसऱ्या बाजूला लाल अक्षरांत एसओएस. गाडी रस्ता सोडून पडली की मागून येणाऱ्याला बोर्ड दाखवायचा. हिरवा दिसला तर तो अंगठा दाखवून पुढे जातो. लाल दिसला तर त्याला थांबावंच लागतं, शर्यत थांबते, मदत येते. आणि लाल दाखवणाऱ्याचा खेळ तिथेच संपतो.

धनेश त्या दिवशी तिसरा चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा! एका मोठ्या टीमने सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या वर्षी आमची गाडी चालव. प्रज्योत डाव्या सीटवर चेपला गेला होता, डॅशबोर्ड पोटावर आला होता. धनेश मनाशी म्हणाला, पाय मोडला असेल, आणखी काय. फावड्याने बर्फ उकरून गाडी काढू. तो वर रस्त्याच्या कडेला गेला आणि दोन्ही हातांनी बोर्ड डोक्यावर धरला. रस्त्याच्या बाजूला हिरवा.

म्हणजे मागे, गाडीत अडकलेल्या प्रज्योतला काय दिसत होतं? लाल.

पोराला वाटलं, भावजी मदत मागतायत. एक गाडी गेली, दोन गेल्या. धनेश खाली येऊन बर्फ उकरायचा, गाडीचा आवाज आला की पुन्हा वर जायचा. प्रज्योत विचारायचा, "भावजी… कुनीच थांबत न्हाय का वो?"

"कुनी थांबत न्हाय," धनेश सांगायचा.

"काय मानसं हायेत… लाल बगून पन जातात."

सात गाड्या गेल्या. मधेच प्रज्योत वहीत काहीतरी लिहीत होता, एवढं धनेशने पाहिलं. सातवी गेल्यावर त्याने विचारणं बंद केलं. धनेशने एक हाक मारली, दुसरी मारली, आणि मग पहिल्यांदा बोर्ड उलटा केला. वही मात्र त्याला सापडली नाही, बर्फात कुठे गेली कोण जाणे. जीव टांगणीला लावून तो परत आला होता.

आणि पंधरा दिवसांपूर्वी रॅलीवाल्यांचा फोन आला तो नेमका कल्पिताने उचलला. बर्फ वितळल्यावर मेंढपाळांना वही आणि गाडीतला बोर्ड सापडलाय, तुमच्या भावाचं उरलेलं सामान आणि वही पाठवतोय. तेव्हापासून तिने तारखा मोजल्या होत्या, आणि धनेशने रात्री मोजल्या होत्या.

पार्सल केवढंसं होतं. जाड प्लॅस्टिक, चहूबाजूंनी चिकटपट्टी, वर कल्पिताचं नाव. धनेशने ते डाव्या सीटवर ठेवलं. ब्रेक मारला की ते पुढे सरकायचं, म्हणून त्याला सीटचा पट्टा लावला. मग त्याने दुकानातून सुतळी घेतली, जीप मिठागराकडे वळवली आणि घरी सांगायचं वाक्य मनात घोळवून ठेवलं. गोदामवाल्यांनी पार्सल हरवलं म्हणे.

सकाळचे दहा वाजले असतील. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी पांढऱ्याशुभ्र, आणि वारा पडलेला. धनेशला क्षणभर ती वरची बर्फाची वाट आठवली आणि भर वैशाखात अंगावर काटा आला. हट्, म्हणून त्याने काच खाली केली. खाडीच्या गाळाचा ओळखीचा वास आत आला तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

बांधाच्या तोंडाशी म्हातारा गुणाजी मीठ ओढत होता. जीप बघून आडवा आला.

"शेठ, बांदावरशी गाडी नको. पुनव हाय आज. बारा-साडेबाराला उदान भरंल. उघाडीजवल बांद भिजलाय."

"मना शिकवतंस? माजा आजा इथंच मेला."

"म्हनून तं सांगतंय," गुणाजी म्हणाला आणि बाजूला झाला.

भरतीचं पाणी मिठागरात घ्यायला बांधात लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. तिच्यासमोर खाडीचा तळ खोल खणला जातो. तिथे धोंडा बांधून टाकलेली वस्तू पुन्हा वर येत नाही, हे मिठागरवाल्याच्या प्रत्येक पोराला ठाऊक. आणि पुनवेच्या भरतीला उघाडीजवळच्या बांधावर बैलगाडीसुद्धा नेऊ नये, हेही त्याच पोराला ठाऊक. पण ज्याने हिमालयात गाडी चालवली त्याला आजोबांचा बांध काय करणार! धनेशने गिअर टाकला.

उघाडी वीस पावलांवर असताना उजवी चाकं खाली गेली. आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या पावासारखा बांध सुटला आणि जीप उजव्या कुशीवर खाडीच्या उतारात जाऊन बसली. स्टिअरिंग पोटात रुतलं. डावा पाय कुठे आहे ते कळेना. मोबाईल खिडकीतून पडला तो पाण्यात गेल्याचा तेवढा डुबुक आवाज आला.

डावी सीट वर राहिली होती. पार्सल पट्ट्यात जिथल्या तिथे होतं.

पहिल्यांदा तो चिडला. मग ओरडला. मग पाणी त्याच्या कमरेला लागलं आणि तो घाबरला. गुणाजी लांब गेला होता. पण समोरच्या काचेतून वर बांध दिसत होता, आणि बांधापलीकडे दगडाच्या टप्प्यावर बंदराचा रस्ता. गाड्या दिसत होत्या. हॉर्न दाबला तर तो ओल्या घशासारखा घरघरला आणि बंद पडला.

तेवढ्यात बांधावर कुणीतरी उभं असलेलं त्याला दिसलं.

पाठ धनेशकडे, तोंड रस्त्याकडे. डोक्यावर हेल्मेट. दोन्ही हात वर करून त्याने काहीतरी धरलं होतं. धनेशला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. "ए दादूस! वाचव रे! पाय अडाकलाय माजा!"

तो वळला नाही. हातातली वस्तू मात्र त्याने आणखी उंच केली. उन्हात डोळे बारीक करून धनेशने वाचलं. लाल अक्षरं. एसओएस.

मदत मागतोय बिचारा, असं धनेशला वाटलं. अगदी तेच वाटलं.

रस्त्यावरून ट्रेलर आला. हळू झाला. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून अंगठा दाखवला आणि ट्रेलर पुढे गेला.

म्हणजे रस्त्याच्या बाजूला हिरवा होता, हे धनेशला उमगलं. त्याने बोर्ड धरलेल्या हातांकडे नीट पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा लाल अक्षरांवर पुरा टेकला होता. उजव्या हाताचा अर्धाच होता.

त्याने डाव्या सीटकडे पाहिलं. पार्सल बंद होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी.

"प्रज्योत…" त्याने हाक मारली. "प्रज्योत, उलटा कर रे… बोर्ड उलटा कर…"

दुसरी गाडी गेली. तिसरी. बसमधल्या कंडक्टरनेही अंगठा केला. पाणी छातीशी आलं होतं, कोमट, गाळाचं. धनेश रडला, शिव्या दिल्या, आईची शपथ घातली. "चुकलो रे बाबा! सांगतो सगल्यांना, कल्पीला सांगतो, तुज्या बापसाला सांगतो! एकदा फिरव तो!" पाचवी गेली. सहावी गेली. प्रत्येक गाडीपाशी बांधावरचा तो हळूच टाचा उंच करायचा, बोर्ड नीट धरायचा. शहाण्या पोरासारखा.

सातवी स्कूटर होती. दयाराम चालवत होता आणि मागे पिशव्या सांभाळत कल्पिता बसली होती. श्राद्धाचं सामान घेऊन चालली होती. केळीची पानंसुद्धा तिनेच घेतलेली, नवरा विसरणार हे धरून.

"कल्पी!" धनेशने उरलासुरला श्वास त्या हाकेत घातला. "कल्पे ऽऽ!"

स्कूटर थांबली. खरंच थांबली. कल्पिताने कपाळावर हात धरून इकडे पाहिलं, जीपचं वर आलेलं टप पाहिलं, बोर्ड पाहिला. तिला बोर्ड वाचता येत होता, भावानेच शिकवला होता. ताय, हिरवा दिसला ना, तर काय काळजी करायची न्हाय. ती बापाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. मग हात वर केला आणि अंगठा दाखवला.

स्कूटर गेल्यावर बांधावरचा पहिल्यांदा बोलला. मागे न बघता, दमलेल्या माणसासारखा.

"कुनी थांबत न्हाय, भावजी."

पाणी धनेशच्या हनुवटीला लागलं होतं.

संध्याकाळी ओहोटीला जीप उघडी पडली. गुणाजीने माणसं गोळा केली. पंचनाम्याला दोन ड्रायव्हर आले, कंडक्टर आला. सगळे एकच सांगत होते. साहेब, बांधावर हेल्मेटवाला मानूस हुबा होता, ओकेचा बोर्ड दाखवत होता. आमाला वाटलं, रॅलीवाले सराव करतायत. कल्पिता आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसली होती.

पट्ट्यात अडकलेलं पार्सल पोलिसांनी तिच्या हवाली केलं. चिकटपट्टी कुठेही निघालेली नव्हती, आत पाण्याचा थेंब नव्हता. दिव्याखाली बसून तिने ते विळीने कापलं. वरच वही होती. शेवटच्या पानावर प्रज्योतचं अक्षर, वेडंवाकडं. "ताय, पोटात लय दुखतंय. भावजी कवापासून लाल बोर्ड धरून हुबे हायेत, कुनी थांबत न्हाय. त्यांना बोल लावू नको. त्यांनी लय केलं."

कल्पिताने ते पुन्हा पुन्हा वाचलं. लाल? सातही गाडीवाल्यांनी वर्षापूर्वी तिच्या बापाला सांगितलं होतं, हिरवा होता. धनेशनेही हिरवाच सांगितला होता. मग आत बसलेल्या तिच्या भावाला लाल दिसला कसा? तिने वहीखालचा बोर्ड काढला, हिरवी बाजू भिंतीकडे करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि आरशात पाठमोरं होऊन मान वळवून पाहिलं. मग ती सावकाश खाली बसली. दयाराम दारातून विचारत होता, काय झालं बाय, काय हाय त्यात.

तिने हात बघितले. बोटांना काळा गाळ लागला होता. वर्षभर बर्फात राहून आलेल्या, सीलबंद पार्सलमधल्या त्या बोर्डाच्या लाल बाजूवर, दोन्ही कडांना, खाडीच्या गाळाचे दोन ठसे होते. डावीकडे पुरा अंगठा, उजवीकडे अर्धा. आणि गाळ अजून ओला होता.