शून्य सेकंदांचे फोन

कुठंही गेला की राजशेखर पोचल्यावर थोरल्या भावाला एक रिंग द्यायचा आणि कापायचा. पैसे पडत नसत, आणि शिवशरणला कळायचं, पोचला. २००४च्या श्रावणात तो घरातून गेला आणि ती रिंग आलीच नाही. पोलिसांना वर्णन लिहून दिलं: चष्मा, घड्याळ, निळा शर्ट. फोन बंद आहे, एवढंच ते सांगत.

शिवशरण शाहूपुरीत एका मोबाइल कंपनीच्या बिलांच्या कचेरीत कारकून होता. शून्य सेकंदांचा फोन बिलात येत नाही, आतल्या यादीत येतो. दुसऱ्याच कुणाची तक्रार शोधताना त्याला तिथं अचानक भावाचा नंबर दिसला. श्रावणानंतरच्या तीन रिंगा. कोडोली, मलकापूर, नेसरी.

त्यानं तिघांना फोन केले, मग एकेक करून गाठलं. कोडोलीच्या धोंडुबाई म्हशीला वैरण टाकत होत्या.

"एकदाच वाजला की. उचलाय गेलो तवर बंद. मग पेंढी सोडली, तर आत ह्यो चष्मा. आमच्यात कुणालाच चष्मा न्हाय पावणं, म्हशीला बी न्हाय."

चष्मा राजशेखरचाच होता.

नेसरीच्या गुंडूला रिंग आली त्याच दिवशी कुलपातल्या पेटीत निळा शर्ट मिळाला होता. मलकापूरच्या सयाजीला गॅरेजमधल्या जुन्या टायरात बंद पडलेलं घड्याळ. राजशेखरचं नाव तिघांनीही ऐकलेलं नव्हतं.

"सख्ख्या भावाला सोडून आमाला का रिंग देतोय त्यो?" सयाजीनं विचारलं. शिवशरणनं चष्म्या-शर्टासारखं घड्याळही मागून घेतलं.

यादी बघायची परवानगी नव्हती, म्हणून एका दुपारी त्यानं यादीच्या खोलीला आतून कडी घातली. तिन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. कागदावर नंबरांचे ठिपके मांडले, भावाच्या रिंगा सोडून जिथं फोन झाला तिथं रेघ ओढली. तिघांच्या माणसांची तीन जाळी, कुठंच एकमेकांना न शिवणारी. शेवटी त्यानं स्वतः केलेले फोन जोडले.

तिन्ही जाळी एक झाली. मधल्या ठिपक्यावर त्याचाच नंबर होता.

वर्णनातलं सगळं सापडलं होतं. आता राहिला होता फक्त भाऊ.

वीज गेली. खोलीला खिडकी नव्हती.

खिशातला फोन एकदा वाजला आणि थांबला.

शिवशरणनं टेबलावरून हात फिरवला. टेबल रिकामं होतं.

टिकटिक दारापाशी चालली होती, मनगटाच्या उंचीवर.