निगेटिव्हचा नमुना

माझ्या चष्म्याचा स्क्रू निसटला तो नेमका रक्त काढायच्या वेळी! पेशंटच्या एका शिरेच्या दोन दिसायला लागल्या, तशी मी सुई सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीकडे दिली आणि लॅबसमोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरले.

"डोळे मिटू नका," दुकानदार म्हणाला. काडी कानामागे बसवताना त्याची बोटं गार लागली.

"तुम्ही एवढं टक लावून बघितलंत तर मिटणारच."

"मग काय, मीच डोळे मिटून चष्मा बसवू?"

मी फिसकन हसले. त्यानंतर माझा चष्मा आठवड्यातून दोनदा ढिला व्हायला लागला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. लॅबच्या मॅडमनी तर चिडवून चिडवून भंडावून सोडलं.

एका संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो माझा हात धरून जवळ आला... इतका जवळ, की माझ्या काचांवर वाफ धरली. मी श्वास रोखला — आणि तो थांबला.

"आधी एक सांगायचंय. मला हर्पिस आहे. कधीमधी ओठावर फोड येतात. आत्ता काही नाही... पण काही दिसत नसतानाही चुंबनातून तुला होऊ शकतो. विचार करून सांग."

मला धक्काच बसला. विषाणू शरीरातून जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. फोड असताना धोका सगळ्यात जास्त. नुसता हात हातात घेतल्याने होत नाही. रोज दहा जणांना मी हेच समजावते, तोंडपाठ आहे सगळं! आणि मी काय केलं? हात झटकन सोडवला आणि कोटाला पुसला.

त्याने ते पाहिलं. "शटर वर करतो," एवढंच म्हणाला.

बारा दिवस मी तिकडे फिरकले नाही.

मग लॅबमध्ये हर्पिसच्या रक्ततपासणीची नवी किट आली. आमच्याकडची रीत अशी, की नवी किट पेशंटसाठी वापरण्याआधी एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून बघायचा. निगेटिव्ह म्हणून माझं रक्त ठरलेलं. माझी ही तपासणी आधी कधी झालीय का, हे ना कुणी विचारलं, ना माझ्या डोक्यात आलं. मला काय होणार?

पॉझिटिव्ह आला.

"किट खराब आहे," मी म्हणाले. मॅडमनी पुन्हा लावला, मग दुसऱ्या लॅबमध्येही पाठवला. तिथेही तेच!

"त्याच्याकडून...?" मी पुटपुटले.

"वेडी आहेस का? नुसता हात धरून?" मॅडम म्हणाल्या. "आणि रक्तात दिसायला कित्येक आठवडे जातात. ही तपासणी एवढंच सांगते, की विषाणूशी तुझी गाठ पडलीय. कधी, कुणामुळे, ते नाही सांगत. लहानपणीही झाला असेल. कितीतरी जणांना आयुष्यभर पत्ता लागत नाही."

म्हणजे त्या संध्याकाळी धोका त्यालाही होता... माझ्याकडून! आणि मी त्याला एका शब्दाने सावध केलं नसतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी तशीच रस्ता ओलांडून गेले.

"या," तो कोरडेपणाने म्हणाला. "चष्मा का?"

"चष्मा ठीक आहे. मी ठीक नाही."

मी सगळं सांगितलं. त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. "तुला...?"

"हो. तू निदान सांगितलंस तरी. मला माहीतच नव्हतं, आणि हात मात्र मी पुसला! चुकले रे... तू मला फार आवडतोस."

"एक विचारू? रिपोर्ट निगेटिव्ह आला असता, तर आली असतीस?"

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "यायला हवं होतं... पण आले असते का, खरंच माहीत नाही."

संपलं सगळं, असं वाटलं मला. त्याने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"खोटंच हो म्हणाली असतीस ना, तर दार दाखवलं असतं तुला. बस."

मी बसले, आणि मला रडूच कोसळलं.