तिसरी हाक

काल रात्री ओढ्यापाशी मी तुला दोन हाका मारल्या, तर तू सायकल अशी दामटलीस की चेन उतरायची बाकी होती. डबा विसरून निघाला होतास लेका, तो द्यायला मागून येत होतो. गेलास ना उपाशीच पाळीवर? बाकीच्यांनी हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं. रात्री मागून हाक आली तर तिसरीशिवाय ओ द्यायची नाही, भूत दोनदाच हाक मारतं, हे आपल्याकडे प्रत्येकाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. पिंपरीच्या कारखान्यात लागलात म्हणून ते थोडंच सुटणार आहे?

कंदील जरा इकडे सरकवा. गेनबाची गोष्ट सांगतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा मास्तर नव्हे. वर्गात भुताचं नाव काढणाऱ्याला मी अंगठे धरून उभा करायचो. तरी सांगतो.

तारीख तेरा डिसेंबर एकोणीसशे पंचावन्न, मंगळवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या आणि सूर्यग्रहण, म्हणून मी पोरांना काजळी धरलेल्या काचा आणायला सांगितलं होतं. त्या दिवशी आपल्या महाळुंग्याची गवराबाई तापाने फणफणली होती. बाई एकटी. तिचा एकुलता एक सोपान पलटणीत गेला, तो परत आला नाही. सरकारी कागद आला, तो मीच वाचून दाखवला. त्यात 'बेपत्ता' लिहिलं होतं. म्हणजे काय, तिने विचारलं. सापडत नाही, मी म्हटलं. "म्हंजी मेला न्हाई," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून रोज रात्री पाण्याने भरलेला तांब्या, वर फुलपात्र पालथं घालून, उंबऱ्याबाहेर ठेवू लागली. पोरगा उशिरा येईल, तहानलेला असेल. दहावं नाही, तेरावं नाही. अशी दहा वर्षं गेली.

गेनबा सोपानच्याच पलटणीतला, जिवाभावाचा मित्र. तो परत आला आणि गवराबाईचा मुलगा होऊन राहिला. तिचं सरपण, तिचं शेत, तिचं दळण, सगळं तोच बघायचा. एक खोड मात्र विचित्र होती. कोणी 'गे' म्हणायचा अवकाश, की हा 'ओ' म्हणून मोकळा. अर्ध्या रात्री कोणी झोपेत बडबडलं तरी शेजारच्या घरातून याची ओ यायची. गाव टिंगल करायचं. मीही केली. आज त्याची लाज वाटते.

त्या मंगळवारी गेनबा गवराबाईचं औषध आणायला चाकणला चालत गेला आणि तो येईपर्यंत मी म्हातारीच्या उशाशी बसलो. पण आधी जावा बेटावरचं सांगायला हवं.

पंचेचाळीस साली लढाई संपली, तरी यांच्या पलटणीला जावा बेटावर धाडलं. तिथे तारा तुटलेल्या. पलीकडच्या ठाण्यावर चिठ्ठी पोचवायला गेनबा आणि सोपान दोघेच पायी निघाले. पहिला दिवस समुद्राच्या कडेने. तिथली वाळू काळीभोर, उन्हाने तापलेली, आणि नारळी वाकून पाण्यावर आलेल्या. सोपानने बूट गळ्यात अडकवले आणि लाटांतून चालत राहिला. "आयला दाखवाया पायजे व्हतं रं ह्ये," सारखं म्हणत होता. दुसऱ्या दिवशी वाट डोंगरावर चढली. आपल्या भामचंद्रासारखा डोंगर नव्हे. हा आतून पेटलेला. भेगांतून धूर, गंधकाचा वास, पायाखाली राखेची खडी. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं मागे घसरावं. दम खायला टेकलं की खालून ऊब लागायची. माथ्यावर काठाकाठाने दीड हात वाट होती. तिथे पोचेस्तोवर अंधारलं आणि धुकं उतरलं. गेनबा पुढे, सोपान मागे. पाण्याची बाटली दोघांत एकच, ती गेनबाच्या खांद्याला.

मागे काहीतरी सरकलं. मग हाक आली.

"गेनबा..."

ओ अगदी ओठांवर आली होती. पण परका मुलूख, पेटता डोंगर, आणि हाक मागून नव्हे, पायाखालून येत होती. गावाहून निघताना गवराबाईने दोघांच्या हातावर दही घालून बजावलं होतं, "रातीला मागनं हाक आली तर तिसरीबिगर ओ देऊ नका रं पोरांनो."

दुसरी हाक आली. बारीक.

गेनबा तिसरीची वाट बघत उभा राहिला. उजाडेपर्यंत उभा राहिला.

सकाळी धुकं फाटलं तेव्हा दिसलं, वाटेचा एक लचका तुटून खाली गेला होता. खाली नुसती राख. त्याने ऊर फुटेस्तोवर हाका मारल्या. ओ द्यायला कोणी नव्हतं.

साहेबाला त्याने सांगितलं, धुक्यात चुकामूक झाली. म्हणून 'बेपत्ता'. खरं सांगावं तर गवराबाईला कळणार की पोर तिच्याच शब्दाने गेलं. न सांगावं तर ती तांब्या भरत राहणार, आणि सोपानच्या नावाने पाणी कधीच सुटणार नाही. दहा वर्षं गेनबा या दोहोंच्या मध्ये अडकून पडला होता.

तर मंगळवारची रात्र. डॉक्टरांनी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून औषध दिलं. गेनबा साडेनऊला चाकणहून निघाला. खराबवाडी मागे पडली. थंडी मरणाची. दोन्ही अंगांना ज्वारी उभी.

कुत्रं नाही. किडा नाही.

वाट फुफाट्याची. मऊ. तिच्यावर पाऊल वाजत नाही.

मागे वाजलं.

खर्र... खर्र...

खडीवर बूट घसरावा तसं.

तो थांबला. तेही थांबलं.

गंधकाचा वास आला...

मग...

"गेनबा..."

एकदाच.

पोरासोरांच्या हाकेला दहा वर्षं ओ देणारा माणूस. त्याने मनात हाका मोजल्या. ही पहिली नव्हती. पहिल्या दोन त्याने जाव्यात ऐकल्या होत्या.

"ओ," तो म्हणाला. "ओ रं सोपान... ओ... ओ..."

पावलं पुन्हा सुरू झाली. हा पुढे, ती मागे. गावापर्यंत. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. मी नंतर विचारलं, भ्यालास का रे? "भ्यालो न्हाई मास्तर. मागं बघितलं आन् कोणीच नसलं तर?"

आता पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं. अकराच्या सुमाराला अंगणात पावलं वाजली. दोघांची. मी कडी काढली. गेनबा एकटा. हातात बाटली, चेहरा ओलाचिंब. उंबऱ्यातच बसला आणि आता तुम्हाला सांगितलं ते सगळं बोलून गेला. मी डोळ्यांनी खुणावत होतो, अरे आजारी आहे ती, आवर. तो आवरला नाही.

म्हातारी ऐकत होती.

मग म्हणाली, "म्याच सांगितलं व्हतं."

"न्हाई, आये..."

"म्याच सांगितलं व्हतं रं."

मला तिच्याकडे बघवेना. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"तिसरी आली म्हंतोस?"

"आली."

ती उठायला गेली, उठवेना. कोपरावर रेलून तिने दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"सोपान सोपान सोपान."

तिन्ही एका दमात. मध्ये श्वास घेतला नाही. पोराला तिसरीसाठी ताटकळावं लागू नये...

बाहेर फुलपात्र वाजलं. एकदा.

दार उघडंच होतं. दिव्याचा उजेड अंगणभर. कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रहण सुटल्यावर गेनबाने इंद्रायणीवर सोपानच्या नावाने पाणी सोडलं. गवराबाई त्या तापातून उठली, चैत्रापर्यंत जगली. तांब्या पुन्हा बाहेर ठेवला नाही. पण तेव्हापासून कोणालाही हाक मारायची झाली तर तिन्ही एकदम मारायची. पोरं हसायची. मी कोणाला हसू दिलं नाही.

तो तांब्या मी त्याच पहाटे पाहिला. आदल्या रात्री मीच काठोकाठ भरून ठेवला होता. आत थेंब नव्हता. तळाला चिमूटभर काळी वाळू. तसली ना आपल्या नदीत, ना विहिरीत. मी ती शाईच्या दौतीत भरली आणि बूच लावलं. तीच ही. तीन वर्षं फळीवर पडून आहे. आजची थंडी बघताय ना? पाण्यात बोट घालवत नाही.

घे, हातात घे. चावत नाही.

लागतेय ऊब?