भिंतीकडची जागा

मशीनमध्ये कार्डं पाचच उरली होती, आणि घरघर सहांची येत होती. दानेश्वरीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

नागप्पाकाका गोष्ट इथूनच सुरू करतात, गच्चीवरचा दिवा मालवायला लावून. दानेश्वरी त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहते, म्हणून त्यांना सगळं ठाऊक. पोरांपैकी कुणी हसलं तर काका चिडत नाहीत. "हसा की," म्हणतात, "ती पोरगी अजून दिवा लावून झोपती. तिला जाऊन हसवून दाखवा."

रात्र गेल्या कार्तिकातल्या अमावस्येची. जागा साखर पेठेतला अतीकचाचांचा जुना कारखाना. यंत्रमाग भंगारात गेले, शेड ओस पडली, तेव्हा चाचांच्या मुलीनं, कौसरनं, आणि तिची कॉलेजातली मैत्रीण दानेश्वरी हिनं तिथं सहा ग्राफिक्स कार्डांचं मशीन उभं केलं. लोखंडी सांगाड्यावर ओळीनं टांगलेली कार्डं, प्रत्येकाला आपापले घरघरणारे पंखे, सगळं उघडंवाघडं. जुन्या सोलापुरी चादरींची नक्षी मशीनला शिकवायची आणि त्याच्याकडून नवी काढून घ्यायची, असा त्यांचा धंदा. सकाळी एक बडे व्यापारी काम बघायला येणार होते. त्यांना आणायला कौसर पुण्याला गेलेली. मशीन रात्रभर न अडखळता चाललं, तर काम यांचं. नाहीतर दानेश्वरीनं गाशा गुंडाळून मोहोळला परत जायचं, हे तिच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं. तिथं एक स्थळ तिची वाट बघत बसलं होतं.

आणि मशीन तर आठवडाभर रोज रात्री बंद पडत होतं.

दरवेळी भिंतीकडचं सहावं कार्ड आधी जायचं, त्याच्यामागं सगळंच. दानेश्वरी मुळात भित्री, मांजर आडवं गेलं तरी दचकणारी. पण मशीनपुढं तिचं डोकं शांत चालायचं. तिनं कार्डांची अदलाबदल केली. तरी भिंतीकडचंच पडलं. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, वीज दुसऱ्या बोर्डावरून घेतली. तेच. शेवटी त्या संध्याकाळी तिनं अख्खा सांगाडा उलटा फिरवला. आता पहिलं कार्ड भिंतीकडे आलं.

पहिलं पडायला लागलं.

म्हणजे दोष कार्डात नव्हता, मशीनमध्येही नव्हता. कोपऱ्यात होता. कौसरला फोनवर तिनं हे हसत हसत सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर आपलं हसू तिचं तिलाच आवडलं नाही. तिनं भिंतीकडचं कार्डच काढून टेबलावर ठेवलं. पाचांवर काम हळू होईल, पण होईल.

इथं काका तंबाखू मळायला थांबतात आणि मधेच भलतंच सांगतात.

"आमी त्याच शेडमधी माग चालवायचो तवा रात्रपाळीला एक रीत व्हती. शेजारच्याला झोप आनावर झाली, तर त्याला मागाखाली निजवायचा आन त्याचा माग आपनच सांभाळायचा. मालक फिरत आला तर दिसू नये म्हनून वरनं चादर टाकायची. पार तोंडावरनं. त्या भिंतीकडच्या मागावर मकदूम व्हता, शेजारी अतीक. अतीक तवा मालक नव्हता, आमच्यावानीच विनकर. मकदूम म्हनला, छाती जड झालीय, जरा पडतो. अतीकनं चादर टाकली आन दोन्ही माग चालवले. आवाज लई, काय ऐकू येनार? फाटंला पाळी सुटली. मकदूम काय उठला न्हाय."

मग काका पुन्हा दानेश्वरीकडे येतात. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

घरघर सहांची. तिनं कान देऊन ऐकलं. मग स्क्रीनकडे पाहिलं.

पाच कार्डांचं तापमान सत्तरच्या आसपास. आणि खाली सहावी ओळ, भिंतीकडच्या रिकाम्या जागेची. तिथं कार्डच नव्हतं. कार्ड टेबलावर होतं, तिच्या हाताशी.

सहावी ओळ सदतीस दाखवत होती.

मशीन चालू असताना सदतीसवर राहत नाही. सदतीसवर माणूस असतो... हे तिच्या मनात आलं, आणि तिनं ते लगेच मनातून काढून टाकलं. जुनी नोंद राहिली असेल. तिनं ती पुसली. ओळ परत आली.

छत्तीस.

आता तिला आठवलं. बंद पडण्याआधी दरवेळी भिंतीकडचा आकडा असाच उतरत जायचा. भर कामात कार्ड गार पडतंच कसं, हा प्रश्न तिनं आठवडाभर बाजूला सारला होता.

चौतीस.

तिनं अतीकचाचांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला.

एकतीस. एका कार्डाचा पंखा अडखळला.

तिच्या खांद्यावर चादर होती. मशीन कधी झाकायचं नसतं, ही तिच्या विद्येतली पहिली गोष्ट. पण कुणीतरी गार पडत होतं. आता ती याहून वेगळा विचार करूच शकत नव्हती. तिनं चादर काढली. रिकाम्या जागेवरून टाकली, वरपासून फरशीपर्यंत.

आकडा थांबला.

तेहतीस... पस्तीस... सदतीस.

पंखे सुरळीत. काम पुढं सरकू लागलं. तिला रडू आलं. फोन कानाला तसाच होता, घंटी वाजतच होती.

ती चादर आजही कौसरकडे आहे. कितीदा धुतली, उन्हात घातली. मधोमध तळहाताएवढी जागा दमटच राहते. का, हे कुणाला सांगता येत नाही.

त्या रात्री दानेश्वरीनं ती जागा कोरडी असताना पाहिली. चादर तिथं किंचित आत ओढली गेली. बाहेर आली.

आत...

बाहेर...

मग आत गेली, आणि आतच राहिली.

छत्तीस.

पलीकडे फोन उचलला गेला. ती काही बोलायच्या आधीच अतीकचाचांचा आवाज आला, झोपेतून उठलेला नव्हे, कधीचा जागा असलेला.

"बेटी... त्याचं तोंड झाकू नकोस."