धूळ पुसणारा स्कॅनर

प्रफुल्लच्या बोईसरच्या स्टुडिओतला फिल्म स्कॅनर बंद पडला तेव्हा जो तो म्हणाला, नवा घे. अरे, म्हणायला काय जातंय! नवे स्कॅनर त्याच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ओळखच देईनात, आणि वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे फोटो त्याच डब्यात. शेवटी पालघरच्या एका मोडीत निघालेल्या स्टुडिओतून त्याच्याच जमान्याचा एक स्कॅनर मिळाला. केबल जुळली, सीडी चालली. प्रफुल्लनं नारळ फोडला.

फिल्मवरची धूळ आपोआप पुसायची सोय त्यात होती. सालवडच्या एका लग्नाची निगेटिव्ह लावली, तर धुळीबरोबर नवरीचे आजोबाही पुसले गेले. मागची भिंत मात्र शाबूत. सोय बंद केली, आजोबा परत आले. ते मागेच वारले होते. दुसऱ्या दिवशी घिवलीच्या बारशातली आत्या पुसली गेली. तीही वारलेली. मग प्रफुल्लनं घरचे रोल काढले. त्याची आई पुसली गेली, मामा पुसले गेले. जिवंत माणूस एकही नाही.

सोमवारी दुपारी नवापूरची रखमा आली. तिचा नवरा दिनानाथ बारा वर्षांपूर्वी बोटीवरून बेपत्ता झालेला.

"उद्या दीर त्याचा दर्भाचा पुतला जालनार," ती म्हणाली. "फोटो पायजे म्हनून आले. पन दादा, तो मेला नाय. जित्या मानसाला अग्नी द्यायचा म्हंजे..." तिला पुढे बोलवेना.

तिनं जपून ठेवलेली निगेटिव्ह होती. खुर्च्यांवर बसलेलं नवीन जोडपं. प्रफुल्लनं धूळ पुसायची सोय चालू केली.

पडद्यावर एका बाजूनं चित्र सरकत आलं.

बाशिंग. मिशी. दिनानाथ पुरता उमटला.

"वहिनी!" प्रफुल्ल ओरडला. "जिवंत आहे तो! पुतळा जाळू देऊ नका!"

रखमानं हात जोडले. घळाघळा रडली.

चित्र पुढे सरकत राहिलं.

शेजारची खुर्ची उमटली. वेताची वीण सगळी दिसत होती.

खुर्ची रिकामी होती.

प्रफुल्लनं मागे वळून पाहिलं नाही.

"जाऊन सांगते त्यास्नी," रखमा म्हणाली. "काय झालंय कोन जाने, सकालपासून घरात माजं कोन आयकतच नाय."