रुखमा सिस्टरचा चार्ज

१९७९ सालचा वैशाख. पवनीच्या अलीकडे वैनगंगेत गुडघाभरच पाणी उरलं होतं. कुंताबाई ते पायीच ओलांडून काठावरच्या दवाखान्यात आली, लुगड्याचा काठ पिळला आणि कामाला लागली. ती बदलीची सिस्टर. कुठली सिस्टर रजेवर गेली की तिच्या जागी महिना-दोन महिने राहायचं. हा दवाखाना मात्र तिनं स्वतः अर्ज करून मागून घेतला होता.

तिला मधला वार्ड मिळाला. सहा खाटा. मरणाच्या दारातून परतलेले, पण घरी धाडण्याजोगे न झालेले रोगी इथं ठेवत. सकाळी सातला, दुपारी दोनला आणि सांजेला सातला सिस्टर बदले. जाणारीनं एकेका खाटेशी उभं राहून रोग्याची हकीकत सांगायची, येणारीनं "घेतला" म्हणायचं, मग चार्जच्या वहीत दोघींच्या सह्या. "घेतला" ऐकल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, इथंच बदलीवर असताना, कुंताबाईनं तो तसाच ओलांडला होता. शेवटची बस दोनची. खिडकीतून दुपारच्या पाळीवर येणाऱ्या रुखमा सिस्टरचा डोंगा पुरात दिसत होता. आलीच आता, म्हणून ही निघाली. तीन नंबरच्या आसारामची सलाईन तीन वाजता बदलायची होती. वही कोरीच राहिली.

डोंगा काठाला लागलाच नाही. रुखमाचं प्रेत दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडलं. आसारामही गेला असणार, असं कुंताबाईनं धरलं. पण आसाराम जगला. सलाईन तीनला बदललेली होती आणि वहीत चार्ज घेतल्याची रुखमाची सही होती.

कुंताबाईला कोणी बोल लावला नाही. ते देणं तिचं तिलाच ठाऊक होतं.

"काहून आल्या जी सिस्टर परत?" बाबुलालनं विचारलं. तो वार्डातला जुना शिपाई. "इथं दुपारच्याले कोनी टिकत नाही. नोंदी आपोआप होतेत. काम थे रुखमा सिस्टर करते, पगार ह्या बाकीच्या घेतेत."

"रोज येते?"

"रोज. तिच्यापासून चार्ज कोनी घेतलाच नाही न. जाईल कशी?"

"त्याच्याचसाठी आली मी."

बाबुलाल कंदील पुसू लागला.

सांजेला लाईट गेली. कुंताबाईनं कंदील लावला. घड्याळात सात वाजले आणि वार्डात गाळाचा वास आला. श्रावणातल्या पुराचा.

"सिस्टर..." तीन नंबरवरचा टेकचंद हळूच म्हणाला. "पानी टपकून राहिलं जी कुठं तरी."

"निजा तुमी."

ओली पावलं पहिल्या खाटेशी थांबली. कुंताबाईनं कंदील खाली धरला. वर पाहायचा धीर होईना.

"एक नंबर... चंद्रभागाबाई. ताप उतरला."

चंद्रभागाबाई दोन वर्षांपूर्वीच बरी होऊन घरी गेली होती.

"घेतला," कुंताबाई म्हणाली.

"दोन नंबर... ईश्वर. पट्टी सकाळी बदला."

"घेतला."

"तीन नंबर... आसाराम. सलाईन तीनला बदलली."

आसारामची हकीकत सांगायचं काम त्या दिवशी कुंताबाईचं होतं.

"घेतला... चुकलं माझं, रुखमाबाई."

पावलं चौथ्या खाटेकडे सरकली. मग पाचव्या.

"सहा नंबर... रिकामी."

"घेतला."

लाईट आली. वार्डात रोगी तेवढे होते. सहाव्या खाटेवर आजही कोणी नव्हतं. दुपारी कुंताबाईनंच तिथं कोरडी चादर ताणून अंथरली होती. आता चादरीवर कुशीवर निजलेल्या बाईच्या आकाराची ओल होती, आणि उशीवर रेती.

टेबलावर वही उघडी पडली होती. "चार्ज दिला." खाली रुखमाची सही. शाई वाळली नव्हती.

कुंताबाईनं शेजारी "चार्ज घेतला" लिहिलं, सही केली आणि वही मिटली.

देणं फिटलं.