काटा लालवर, इंजिन गार

दिपेश त्या दिवशी इतका दमला होता की पाना उचलायचा म्हणजे मेलेला माणूस उचलायला सांगितल्यासारखं वाटत होतं. ऑक्टोबरची टळटळीत दुपार. गोराईच्या रस्त्यावर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि खाडीकडून सुकटीचा असा वास येत होता की नाकानेच जेवण उरकावं. सकाळपासून दोन रिक्षा झाल्या होत्या, वर बीचवर कुणा शहाण्याने वाळूत रुतवलेली एक जीप. आता शेडमधल्या बाकड्यावर आडवं व्हायचं, एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी होती.

तेवढ्यात चार पोरं एक लाल गाडी ढकलत घेऊन आली.

दोनच सीटची, जमिनीला पोट टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार. वय झालेलं, पण नखरा गेला नव्हता. मागून छत्री घेऊन देवव्रत चालत होता. बोरिवलीचा, ऑफिसात जाणारा माणूस. गाडी त्याच्या काकांची, नानांची. नाना वारले तेव्हापासून ती त्यांच्या गोराईच्या बंगल्यात पडून होती.

"दिपेश, टेम्परेचरचा काटा बिघडलाय रे," देवव्रत म्हणाला. "गाडी चालू न करताच लालवर जातो. उद्या एक गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय, आजच करून टाक ना."

"ताप आला असेल तिला सर. गोळी द्या, पांघरूण घाला."

पोरं खिदळली आणि पळाली. देवव्रत हसला नाही. तो शेडमधे आलाही नाही. सावली सोडून बाहेर उन्हातच उभा राहिला, छत्रीखाली.

आता दिपेशचं एक सांगायला पाहिजे. त्याचं सगळं नाव त्याच्या हातावर होतं. गोराईपासून उत्तनपर्यंत लोक म्हणायचे, दिपेशला मीटर लागत नाही, इंजिनावर तळवा ठेवला की ताप सांगतो. बेरिंग गेलंय, पंप गेलाय, पाणी कमी आहे, सगळं त्या उजव्या तळव्याला कळायचं. तो हात गेला असता तर दिपेशकडे विकायला दुसरं काही नव्हतं.

त्याने बोनेट उघडलं, रेडिएटरवर हात ठेवला. गार. माठासारखा गार.

मग आत बसून चावी अर्धी फिरवली. इंजिन बंदच. डॅशबोर्डवरचा काटा थरथरला आणि हळूहळू, म्हातारा जिना चढतो तसा वर चढत गेला. मध्यावर आला. मध्य ओलांडला. लालवर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला.

"नाटकी आहेस," दिपेश पुटपुटला.

काम सोपं होतं. इंजिनावर सेन्सर असतो, तो पाण्याचा ताप बघतो आणि वायरीतून काट्याला कळवतो. तिघांपैकी कोणीतरी थापा मारतंय, एवढंच शोधायचं. त्याने सेन्सरची वायर उपटली. काटा गपकन खाली. वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली. काटा सरळ वर. म्हणजे काटा शहाणा, वायर शहाणी. मग डब्यातला जुना, पण चांगला सेन्सर काढला, चिमट्याने तारा जोडल्या आणि टपरीवरून आलेल्या कटिंगमधे बुडवला. काटा चहाइतका चढला. बाहेर काढला, तर उतरला. वायर परत इंजिनावरच्या सेन्सरला लावली, तर काटा पुन्हा लालवर.

"सर, मीटर एकदम झकास," तो ओरडला. "इंजिनावरचा सेन्सर खोटं बोलतोय. बदलून टाकतो."

"वेळ लागेल?"

"छे. पाण्याचं प्रेशर काढायचं आणि सेन्सर बदलायचा."

प्रेशर काढायचं म्हणजे रेडिएटरचं झाकण उघडायचं. गरम गाडीचं झाकण उघडू नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आतलं पाणी फवाऱ्यासारखं तोंडावर येतं. पण ही तर गार. दिपेशने पुन्हा तळवा ठेवला, नीट, पूर्ण.

काय सांगू, इतकं बरं वाटलं त्याला. पंख्याची हवा पण भट्टीतून आल्यासारखी, आणि हाताखाली तो गारवा. तळव्यातून मनगटात, मनगटातून खांद्यात चढत गेला. डोळे आपोआप मिटायला लागले. हात काढावासाच वाटेना. वाटलं, इथेच कपाळ टेकवावं आणि झोपावं जरा...

कुठेतरी गुळगुळ असा बारीक आवाज येत होता. शेजारच्या वाडीतला पंप असेल. एक गोडसर वास पण होता, काकवी लागल्यासारखा. नाकात शिरला, पण दमलेल्या डोक्यापर्यंत पोचला नाही.

उजवा हात तसाच ठेवून तो वाकला. डाव्या हाताने झाकण धरलं. तोंड बरोबर त्याच्यावर. बोटांना जरा जोर दिला...

नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक थेंब खाली पडला.

चर्र.

दिपेश थांबला. झोपेत कुणी हाक मारल्यासारखा. थेंब पडला होता तिथे काहीच नव्हतं, ओल सुद्धा नाही. दुसरा थेंब पडला. तो पत्र्यावर नाचला, फुटला आणि वाफ होऊन गेला. दिपेशच्या उजव्या तळव्यापासून चार बोटांवर.

तळव्याला अजून गारच लागत होतं.

त्याने झाकण सोडलं. हात उचलायला गेला तर तो उचलेना. चिकटला होता. ओढला. आवाज आला, आपण तो नाही सांगत. त्याने तळवा उलटा केला आणि बघितला... आणि लगेच मिटायला गेला, तर मिटवेना. दुखत मात्र कणभर नव्हतं. तेच सगळ्यात वाईट होतं.

दाराच्या काचेतून आतला काटा दिसत होता. लालवर. अख्ख्या गाडीत खरं बोलणारे दोघंच, तो आणि त्याचा सेन्सर, आणि दिपेश सेन्सरलाच थापाड्या ठरवून बसला होता.

"सर, माझ्याआधी कोणी हात लावला होता हिला?"

देवव्रतने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "दिंडोशीचा लवू. मागच्या महिन्यात."

लवूला दिपेश ओळखत होता. एकाच उस्तादाकडे शिकलेले दोघं. लवूचा फोन बरेच दिवस लागत नव्हता.

"मग?"

"झाकण उघडलं त्याने."

"आणि?"

"तोंडावर आलं सगळं. डोळे..." देवव्रत जमिनीकडे बघत होता. "हॉस्पिटलमधे एकच बोलत होता. गार होतं, गार होतं, मी हात लावून बघितलं. आम्हाला वाटलं, औषधाच्या गुंगीत बरळतोय."

"तुम्हाला वाटलं?" दिपेशने भाजलेला हात वर केला. "मग तुम्ही सावलीत, गाडीजवळ का येत नाही, सर?"

देवव्रतने वळून पोरांना हाका मारल्या. गाडी ढकलत परत नेली. पोरं बोनेटवर हात टेकून ढकलत होती, आणि एक जण दुसऱ्याला सांगत होता, "काय गार लागतंय यार!" दिपेश जीव तोडून ओरडला. पोरांनी हात काढले. हात धड होते. त्यांना काही झालं नव्हतं.

डॉक्टरने मलम लावून जाड पट्टी बांधली. दुखतंय का, विचारलं. दिपेश नाही म्हणाला. डॉक्टरने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. कल्पिताने, त्याच्या बायकोने, पट्टी बघून आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग पाणी दिलं. दिपेश भिंतीला टेकून बसला. डोळ्यांत झोप अशी होती की वाळूच भरलीय.

"ऐक ना," कल्पिता म्हणाली, "श्रुतिकाचं अंग बघ जरा. दुपारपासून नुसती पडून आहे. मला तापलेली वाटते."

त्यांची चार वर्षांची पोर चटईवर झोपली होती. दिपेशने डावा हात, चांगला हात, तिच्या कपाळावर ठेवला.

गार. खूप गार. इतकं बरं वाटलं...

त्याने झटका बसल्यासारखा हात काढला आणि कल्पिताच्या मानेला लावला. रोजच्यासारखी उबदार. स्वतःच्या गळ्याला लावला. उबदार. चटई, लादी, तांब्या, सगळं जसं लागायला पाहिजे तसं. पुन्हा पोरीचं कपाळ. गार.

"सांग ना रे. आहे का ताप?"

दिपेशने हात मागे घेतला. श्रुतिकाने डोळे उघडले होते. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मांडीवरच्या पट्टीकडे बघत होती, टक लावून.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "उघड ना."

दिपेशने नाही म्हणून मान हलवली. हलवतच राहिला. पण त्याचा डावा हात पट्टीची गाठ चाचपत होता.